सेंट ऑल्बन्सचा बंडखोर, १३८१ : अभिरूप खटला बसवताना

इंग्लंडमधल्या १३८१ च्या शेतकरी बंडावर अभिरूप खटला बसवायचा म्हटले की वॉट टायलरचे नाव आधी पुढे येते. टायलर आरोपी म्हणून उपयोगाचा नाही. तो १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात राजासमोरच मारला गेला, त्याच्यावर खटला चाललाच नाही. जॉन बॉल या पाद्र्यावर चालला. पण बॉल पिंजऱ्यात उभा राहिला की समतेवरचे भाषण सुरू होते, सभागृह टाळ्या वाजवते आणि कायदा बाजूला पडतो. कायद्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर आरोपी म्हणून विल्यम ग्रिंडकॉब घ्यावा. लंडनच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या सेंट ऑल्बन्स गावचा हा पुढारी. त्याच्या हातात राजाचे पत्र होते, राजाची माफीची सनद होती, आणि तरीही त्याला फाशी झाली. एवढे चांगले कायदेशीर भांडण त्या बंडातल्या दुसऱ्या कुठल्याही आरोपीभोवती नाही.

आधी प्रकरण नीट समजून घेऊ, कारण सगळी तयारी तारखांवर उभी आहे.

सेंट ऑल्बन्स हे मठाच्या मालकीचे गाव. दळण मठाच्याच गिरणीत दळायचे आणि त्याचा मोबदला मठाला द्यायचा, असा नियम. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने लोकांची घरची जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या. मासेमारी, शिकार, चराई या हक्कांवरूनही पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालू होता. १३८० साली बसवलेल्या १२ पेन्सच्या डोईपट्टीने जून १३८१ मध्ये एसेक्स आणि केंट पेटले. १४ जूनला माइल एंड इथे १४ वर्षांच्या रिचर्ड दुसऱ्याने बंडखोरांच्या मागण्या मान्य केल्या. त्याच दिवशी चान्सलर सायमन सडबरी आणि खजिनदार रॉबर्ट हेल्स यांना लंडनच्या टॉवर किल्ल्यातून बाहेर ओढून टॉवर हिलवर त्यांची डोकी उडवली गेली. ग्रिंडकॉब आणि त्याचे साथीदार राजाकडून मठाधिपती थॉमस द ला मेअर याच्या नावे पत्र घेऊन गावी परतले. जुन्या राजाने गावाला दिलेल्या हक्कांच्या सनदा कायद्याला आणि वाजवीपणाला धरून लोकांच्या हवाली कराव्यात, असा त्या पत्राचा आशय. लोकांनी मठाचा तुरुंग फोडला, कैदी सोडले आणि त्यातल्या एकाचा शिरच्छेद केला. मठाचे दस्तऐवज जाळले, कुंपणे पाडली, मठाधिपतीकडून नव्या सनदा लिहून घेतल्या. फरशीतल्या जात्यांच्या तळ्याही उखडून तुकडे करून वाटल्या.

१५ जूनची तारीख असलेली, हर्टफर्ड परगण्यातल्या सर्वांना वेठबिगारीतून मुक्त करणारी आणि त्यांचे गुन्हे, राजद्रोहासकट, माफ करणारी राजाची सनदही होती. २ जुलैला चेम्सफर्डहून राजाने अशा सगळ्या सनदा रद्द केल्या. मग जुलैमध्ये राजा स्वतः सेंट ऑल्बन्सला आला, सोबत मुख्य न्यायाधीश रॉबर्ट ट्रेसिलियन. आधीचा मुख्य न्यायाधीश कॅव्हेंडिश याला बंडखोरांनी महिन्याभरापूर्वी सफोकमध्ये ठार केले होते. ट्रेसिलियन त्याच्याच जागी नेमलेला, हे न्यायाधीशाची भूमिका करणाऱ्याने विसरू नये.

आता खटल्याची रचना. आमचा एकच आग्रह आहे : हा खटला दोनदा चालवा. तथ्ये तीच आणि राजद्रोहाची व्याख्याही तीच, १३५२ च्या इंग्लिश कायद्यातली. फक्त कामकाजाची रीत बदला. पहिली फेरी १३८१ च्या रीतीने, दुसरी आजच्या. बहुतेक ठिकाणी या दोन्हींची खिचडी होते. वेष मध्ययुगीन, पण आरोपीला वकील, साक्षीदारांची उलटतपासणी, आणि शेवटी न्यायाधीश ‘संशयाचा फायदा’ देऊन मोकळा. त्यातून कोणालाही काही कळत नाही. व्याख्या आणि रीत दोन्ही एकदम बदलली तरी तीच अडचण, कारण निकाल कशामुळे बदलला ते सांगता येत नाही.

४० जणांचा वर्ग असेल तर वाटणी अशी बसते : आरोप ठेवणारे १२ पंच, निवाडा करणारे आणखी १२, पहिल्या फेरीचा न्यायाधीश, कारकून आणि चोपदार मिळून ३, आरोपी १, दुसऱ्या फेरीचे ३ न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे मिळून ४ वकील, ४ साक्षीदार आणि वेळ पाहणारा १. पहिल्या फेरीला ३५ मिनिटे, दुसरीला ७५, चर्चेला ३०. वर्ग लहान असेल तर साक्षीदार आणि न्यायाधीश कमी करावेत, पंच १२ च ठेवावेत. बारांचे एकमत घडवताना जी ओढाताण होते ती सहा जणांत होत नाही.

कागदपत्रांचा संच आठ पानांच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे कोणी वाचत नाही. त्यात पुढील गोष्टी हव्यात : १३५२ च्या कायद्यातल्या राजद्रोहाच्या प्रकारांचा साध्या मराठीतला अनुवाद, राजाचे मठाधिपतीला पत्र, १५ जूनची सनद, २ जुलैची रद्दबातल घोषणा, तारखांचे एक पान, आणि थॉमस वॉल्सिंगहॅम या भिक्षूने लिहिलेल्या इतिवृत्ताचा सारांश. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि नियम करा की क्रमांक न सांगता कोणी काही मांडले तर ते न्यायालयाने ऐकायचे नाही. या एका नियमाने भाषणबाजी निम्म्यावर येते. नोव्हेंबर १३८१ च्या संसदेचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि दुसऱ्या फेरीआधी उघडू नका. जुलैमधल्या न्यायालयाला नोव्हेंबर माहीत नसतो. हुशार विद्यार्थी हमखास इथेच घसरतात, कारण त्यांनी पुढचा इतिहास वाचलेला असतो.

पहिल्या फेरीत सगळ्यांत आधी हवेत आरोप ठेवणारे बारा पंच. आपल्याकडे पंच किंवा ज्यूरी म्हटले की नानावटी खटला आठवतो : काहीही माहीत नसलेले नऊ जण, समोर पुरावा येतो, ते मत देतात. १३८१ ची ज्यूरी याच्या उलट आहे. ते शेजारचे लोक, त्यांना प्रकरण माहीत आहे म्हणूनच बोलावलेले. न्यायालयात पुरावा मांडला जात नाही. काय घडले आणि कोणी केले हे तेच शपथेवर सांगतात. म्हणून या बारा जणांना एकेक कार्ड द्या. पाचांच्या कार्डावर लिहा : ‘त्या दिवशी तुम्हीही मठात शिरला होता.’ तिघांच्या : ‘तुमची जमीन मठाच्या कुळवहिवाटीतली आहे.’ दोघांच्या : ‘तुमचा भाऊ अटकेत आहे.’ उरलेल्या दोघांच्या : ‘मठाकडून तुमचे पैसे येणे आहेत.’ कार्ड कोणालाही दाखवायचे नाही. कार्डे वाटली नाहीत तर बंडखोरांबद्दलच्या सहानुभूतीने सगळे हात वर करतात आणि पाच मिनिटांत खटला संपतो. कार्ड हातात आले की प्रत्येकाला स्वतःची कातडी दिसू लागते.

वॉल्सिंगहॅम सांगतो की पहिल्या बारा जणांनी कोणावरही आरोप ठेवायला नकार दिला. आमच्या माहितीत सगळे भले आणि राजनिष्ठच आहेत, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ट्रेसिलियनने आधीच तयार असलेली नावांची यादी काढली, धमकावले, आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या बारांकडूनही तीच नावे वदवून घेतली. न्यायाधीशाने हे करायलाच हवे. या भूमिकेला सौम्य, समजूतदार माणूस निवडू नका. आणि न्यायाधीश ओरडू लागला तरी दृश्य फसते. यादी शांतपणे टेबलावर ठेवून ‘तुमची स्वतःची नावे यात यावीत असे वाटते का?’ एवढे विचारणे पुरेसे आहे.

मग आरोपीला कठड्यासमोर आणायचे. बेड्या असतील तर त्या इथे काढायच्या. कारकून आरोप वाचतो, आरोपी हात वर करून ओळख देतो, दोषी की निर्दोष ते सांगतो. निर्दोष म्हटल्यावर ‘मी देशबांधवांच्या निवाड्यावर स्वतःला सोपवतो’ असे म्हणायचे. राजद्रोहाच्या आरोपाला उत्तरच दिले नाही तर दोष मान्य केल्यासारखे धरले जाई, हे त्याला आधी सांगून ठेवा. वकील नाही. इंग्लंडमध्ये राजद्रोहाच्या आरोपीला वकिलाचा हक्क १६९६ मध्ये मिळाला, इतर मोठ्या गुन्ह्यांत १८३६ मध्ये. आरोपीच्या बाजूने शपथेवर साक्षीदारही नाहीत. तो स्वतः बोलतो, तेही शपथेशिवाय.

त्याच्या हातात दोनच हत्यारे आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा वापरायची राहून जातात. पहिले : १३५२ च्याच संसदेने असा कायदा केला होता की ज्याने आरोप ठेवला तो निवाड्याच्या ज्यूरीत बसू नये, मात्र आरोपीने स्वतः हरकत घेतली तरच. म्हणून निवाड्याच्या पहिल्या बारांत मुद्दाम सहा आरोप ठेवणारे बसवा आणि सहा नवे. आरोपीने हरकत घेतली तर ते सहा उठतात आणि राखीव सहा नवे येतात. घेतली नाही तर बसून राहतात. न्यायाधीशाने सुचवायचे नाही. कायदा होता, पण तो माहीत असण्याची जबाबदारी अडाणी, एकट्या आरोपीवर होती, हे इथे जसे कळते तसे व्याख्यानातून कळत नाही.

दुसरे हत्यार म्हणजे माफीची सनद. माफी आपोआप लागू होत नाही. ती न्यायालयात हजर करून तिचा आधार मागावा लागतो. सनदेचा कागद आरोपीकडे देऊ नका. प्रेक्षकांतल्या एका गावकऱ्याच्या खिशात ठेवा. आरोपीला तो मागावा लागेल आणि त्या गावकऱ्याला उठून द्यावा लागेल, सनदा जमा करा असा हुकूम सुटलेला असताना. कधी गावकरी उठत नाही. उठला नाही तर त्याला भाग पाडू नका, खटला तसाच पुढे जाऊ द्या.

ज्यूरी विचाराला बसली की अन्न, पाणी, शेकोटी बंद. पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला सांगा. निवाडा एकमतानेच. दहा मिनिटे पुरतात. सभागृहाला हे फार घाईचे वाटते, पण मध्ययुगीन फौजदारी खटले काही मिनिटांतच उरकत, तेव्हा घाई वाटणे बरोबरच आहे.

शिक्षा फक्त वाचा. फाशीचे दृश्य करू नका, दोरीही आणू नका. त्याने सगळे लक्ष तिकडे जाते. त्याऐवजी कारकुनाला पाच ओळींत नोंद लिहायला लावा : नाव, गाव, आरोप, निवाडा, मालमत्ता. त्या काळी नोंद लॅटिनमध्ये असे आणि बोलणे १३६२ च्या कायद्यानुसार इंग्रजीत. या पाच ओळी मोठ्याने वाचून दाखवा आणि कार्डांवरचे, धमकीचे, खिशातल्या सनदेचे यांतले त्यात काय उतरले ते सर्वांना पाहू द्या. जुन्या नोंदी वाचणाऱ्या इतिहासकाराची अडचण नेमकी हीच आहे.

पोशाखाबद्दल थोडक्यात. न्यायाधीशाला केसांचा टोप नको, ते सतराव्या शतकातले. हनुवटीखाली बांधलेली पांढरी कापडी टोपी पुरे. लाकडी हातोडा नको, इंग्लंडच्या न्यायालयात तो नसतोच. गीतेवर हात ठेवण्याचा सिनेमातला थाटही टाळा. फक्त शपथेचे शब्द म्हणा.

दुसऱ्या फेरीत आरोपी निर्दोष गृहीत. सिद्ध करण्याचा भार सरकारवर, दोन्हीकडे वकील, कारणांसह लेखी निकाल. साक्षीदार चार : मठाधिपती, तुरुंगाचा पहारेकरी, गावातला एक पाववाला आणि इतिवृत्त लिहिणारा भिक्षू. यातला भिक्षू सर्वांत महत्त्वाचा, कारण वॉल्सिंगहॅम हा त्याच मठातला. सेंट ऑल्बन्सबद्दल आपल्याला जे तपशिलात माहीत आहे त्यातले बहुतेक फिर्यादी पक्षाच्या लेखणीतून आलेले आहे. बचाव पक्षाने त्याला तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : यातले तुम्ही स्वतः काय पाहिले, काय ऐकले, आणि हे केव्हा लिहिले? पण गंमत अशी की हाच भिक्षू बचावालाही उपयोगी पडतो. ज्यूरीवर दबाव आणल्याचे, माफीच्या सनदेचा मजकूर, आणि जामिनावर सोडून लोकांची समजूत घालायला पाठवलेल्या ग्रिंडकॉबने उलट ‘ठाम राहा, माझी काळजी करू नका’ असे सांगितल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. शेवटचा तपशील सरकारी वकील कबुलीसारखा वापरतील. विरोधकाने लिहिलेले धीरोदात्त भाषण खरे मानायचे का, यावर दोन्ही बाजूंना बराच वेळ झुंजू द्या. वेळ कापायचाच तर दुसरीकडे कापा.

कायद्याचे मुद्दे तीन आहेत, त्यातला एक मोठा. १३५२ च्या कायद्यात राजद्रोहाचे प्रकार मोजून दिले आहेत : राजा, राणी किंवा थोरल्या युवराजाचा मृत्यू योजणे, राजघराण्यातल्या ठरावीक स्त्रियांची विटंबना, राज्यात राजाविरुद्ध युद्ध करणे, शत्रूला सामील होणे, राजमुद्रा किंवा नाणी बनावट करणे, चान्सलर, खजिनदार किंवा न्यायाधीश यांना कामावर असताना मारणे. मठाचा तुरुंग फोडणे यात कुठे बसते? सरकारी पक्षाला ‘राजाविरुद्ध युद्ध’ हेच कलम घ्यावे लागते. हा मठाविरुद्धचा दंगा होता, तुरुंगफोडी आणि खून हे मोठे गुन्हे आहेत पण राजद्रोह नव्हेत, असे बचाव म्हणेल. सरकार म्हणेल की लंडनमध्ये चाललेल्या उठावाचाच हा भाग, ग्रिंडकॉब तिथूनच आला. आता नोव्हेंबरचे पाकीट उघडा. त्या संसदेने ‘यापुढे’ असा दंगा माजवणाऱ्याला राजद्रोही धरावे असा कायदा केला. जूनमधले कृत्य आधीच राजद्रोह असते तर ‘यापुढे’ कशासाठी? बचावाचा हा सर्वांत धारदार मुद्दा. त्याच पाकिटात सरकारसाठीही माल आहे. वेठकऱ्यांना मुक्त करणे हे त्यांच्या मालकांच्या संमतीशिवाय राजाला शक्य नव्हते, आणि ती संमती आम्ही कधीही देणार नाही, असे त्याच संसदेने सांगितले. पण ही हरकत मुक्तीला लागू पडते, माफीला पडते का? गुन्हा माफ करणे तर राजाच्याच हातात होते. सनदेचे हे दोन भाग वेगळे करणारा वकील चांगला तयार झाला म्हणायचे.

दुसरा मुद्दा सनदेच्या वैधतेचा : ती धाकाखाली दिली, राजा अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, होता. अज्ञानपणाचा मुद्दा लंगडा पडतो, कारण रिचर्डच्या वतीने कारभार पाहणारा औपचारिक रीजंट नव्हता आणि त्याचे बाकीचे सगळे हुकूम वैधच धरले जात होते, रद्दबातल घोषणेसकट. धाकाचा मुद्दा भक्कम आहे. तिसरा, ग्रिंडकॉबची कृत्ये २ जुलैच्या आधीची, मग मागे जाऊन माफी काढून घेता येते का? यावर न्यायाधीशांत मतभेद झाला तर तिघांनीही आपापली कारणे लिहावीत.

मराठी वाचकाला या १३५२ च्या शब्दांचे नाते घराजवळ सापडते. ‘राजाविरुद्ध युद्ध’ हा इंग्लिश कायद्यातला विचार १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १२१ मध्ये आला, आणि त्याच प्रकारच्या आरोपाखाली १८७९ मध्ये पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला. त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका उभे राहिले होते. ग्रिंडकॉबला कोणीच नव्हते. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत १४७ क्रमांकाने आहे. चर्चेत हे सांगावे, पण खटल्याच्या मध्ये आणू नये. आणले की सेंट ऑल्बन्स बाजूला राहते आणि सगळे आजच्या राजकारणावर घसरतात.

चर्चेच्या अर्ध्या तासात भावनिक प्रतिक्रिया आधी पाच मिनिटांत उरका आणि मग जमिनीचा प्रश्न टाका. राजद्रोह नसलेल्या मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची जमीन राजाने एक वर्ष आणि एक दिवस उपभोगल्यावर त्याच्या जमीनमालकाकडे परत जाई. राजद्रोहात ती कायमची राजाकडे, मग ती कोणाकडूनही धारण केलेली असो. १३५२ च्या कायद्यातच हे लिहिलेले आहे. मठाकडून धारण केलेली जमीन असेल तर आरोप कोणता लावायचा यात मठाचा आणि राजाचा फायदा वेगवेगळा होतो. मठाधिपतीची भूमिका केलेल्याला विचारा : तुम्हाला कोणता निकाल हवा होता? नंतर तोच प्रश्न मठाची कुळे असलेल्या त्या तीन पंचांना, कार्डे उघडून.